निसेन कोण होते? ॲसिडिटीच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनमागची गोष्ट

गेल्या वर्षी पावसाळ्यात डॉक्टरांनी माझ्या बाबांच्या फाइलवर दोन शब्द लिहिले. लॅप निसेन. रिक्षात बसल्या बसल्या मी ते फोनवर टाइप केलं, तर फोनने स्वतःहून त्याचं गाड्यांच्या कंपनीचं नाव करून टाकलं. पुढचे दोन दिवस मला नुसत्या एसयूव्हीच्या जाहिराती दिसत होत्या. निसेन हे एका माणसाचं नाव आहे, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं.

या साइटवर मी एरवी फोनचे कॅमेरे, चिप, बॅटरी यांच्यावर लिहितो. आज एका सर्जनबद्दल लिहितोय. पण काळजी करू नका, कॅमेरा आणि चिप याही गोष्टीत येणार आहेत.

आधी घरची गोष्ट सांगतो

आमचे बाबा शिंपी आहेत. कोल्हापुरात महाद्वार रोडच्या मागच्या एका गल्लीत त्यांचं दुकान आहे. दिवसभर मशीनवर वाकून बसायचं काम. वाकलं की घशाशी आंबट पाणी यायचं. रात्री आडवं झालं की जळजळ सुरू. शेवटची दोन वर्षं तर ते खुर्चीत बसून, पाठीला दोन उशा लावूनच झोपायचे. सात-आठ वर्षं त्यांनी मेडिकलमधून कॅप्सूलची पाकिटं आणून खाल्ली. तपासणी एकदाही केली नाही. ॲसिडिटीच तर आहे, त्यात काय तपासायचं, असं आम्हा सगळ्यांनाच वाटायचं.

शेवटी एंडोस्कोपी झाली. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला सूज आणि जखमा होत्या, शिवाय हायटस हर्निया निघाला. म्हणजे जठराचा वरचा भाग श्वासपटलाच्या भोकातून छातीत सरकला होता. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक तर गोळ्या चालू ठेवायच्या, नाहीतर दुर्बिणीचं ऑपरेशन करायचं. निर्णय आमच्यावर सोडला.

बाबा घाबरले होते, आणि त्यांच्या भीतीला कारण होतं. माझ्या आजोबांचं पोटाचं ऑपरेशन खूप वर्षांपूर्वी झालं होतं. छातीच्या खालपासून बेंबीपर्यंत जाणारा तो व्रण बाबांनी लहानपणी रोज पाहिला होता. पोटाचं ऑपरेशन म्हटलं की त्यांच्या डोळ्यांसमोर तेच यायचं.

म्हणून मी ठरवलं, ज्या माणसाचं नाव फाइलवर आहे तो कोण होता ते आधी बघू.

डॉक्टरांचा मुलगा, युद्धातला जखमी

रुडॉल्फ निसेन यांचा जन्म 5 सप्टेंबर 1896 रोजी नाइसे नावाच्या गावात झाला. तेव्हा ते गाव जर्मनीत होतं. दुसऱ्या महायुद्धानंतर ते पोलंडमध्ये गेलं आणि आज त्याचं नाव निसा आहे. वडील सर्जन होते, त्यामुळे मुलगाही वैद्यकीय शिक्षणाकडे वळला. तेवढ्यात पहिलं महायुद्ध सुरू झालं. निसेन सैन्यात गेले आणि त्यांच्या फुफ्फुसाला गंभीर जखम झाली. या जखमेने त्यांना पुढे आयुष्यभर त्रास दिला.

गंमत बघा, पुढे याच माणसाचं नाव झालं ते फुफ्फुसाच्या ऑपरेशनमुळे. 1921 साली ते म्युनिकमध्ये फर्डिनांड झाउअरब्रुख या सर्जनच्या हाताखाली लागले. छातीच्या शस्त्रक्रियेत तेव्हा झाउअरब्रुख यांचं नाव सगळ्यात मोठं होतं. 1927 मध्ये दोघंही बर्लिनच्या शारिटे रुग्णालयात गेले. तिथे 1931 साली निसेन यांनी 12 वर्षांच्या एका मुलीचं अख्खं डावं फुफ्फुस काढलं. पहिल्या प्रयत्नात तिचं हृदय थांबलं. ऑपरेशन तिथेच सोडून आधी तिला वाचवावं लागलं. काही दिवसांनी त्यांनी पुन्हा हात घातला, आणि मुलगी जगली. एक पूर्ण फुफ्फुस काढूनही माणूस जगू शकतो, हे त्यामुळे सिद्ध झालं. निसेन तेव्हा साधारण 35 वर्षांचे होते.

देश सुटला

दोन वर्षांत सगळं बदललं. 1933 मध्ये हिटलरची सत्ता आली. 1 एप्रिलला ज्यू लोकांच्या दुकानांवर आणि दवाखान्यांवर बहिष्कार घातला गेला. त्यानंतर आठवड्याभरात ज्यूंना सरकारी नोकरीतून काढण्याचा कायदा आला. निसेन ज्यू कुटुंबातले होते. पहिल्या महायुद्धात आघाडीवर लढलेल्यांना त्या कायद्यात सूट होती, पण निसेन थांबले नाहीत. त्यांनी जर्मनी सोडली.

ते गेले तुर्कस्तानात. अतातुर्क तेव्हा इस्तंबूल विद्यापीठ नव्याने उभं करत होते आणि जर्मनीतून बाहेर पडलेल्या प्राध्यापकांना तिथे जागा मिळत होती. निसेन तिथे शस्त्रक्रिया विभागाचे प्रमुख झाले. भाषा येत नाही, शिकवायला दुभाषी लागतो, हाताखालची माणसं नवीन. आपल्यापैकी कुणी पहिल्यांदा परराज्यात नोकरीला गेलं असेल, तर त्याला याची थोडीशी कल्पना येईल.

कोल्हापूरकरांना निर्वासित हा शब्द नवा नाही. 1943 ते 1948 या काळात आपल्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची मोठी छावणी होती. जवळपास 5,000 माणसं, त्यात बायका आणि मुलं जास्त. पुढे त्याच जागेवर सिंधी निर्वासित आले आणि गांधीनगर वसलं. आज आपण कपड्यांच्या खरेदीला जातो तेच. बाबाही दुकानासाठी कापड तिथूनच आणतात. त्यामुळे घर सोडून आलेला माणूस नव्या गावात काय उभं करू शकतो, हे मला त्यांना वेगळं समजवावं लागलं नाही.

एक टाका वाचवायला गेले आणि...

आता मुख्य गोष्ट. 1936 साली इस्तंबूलमध्ये निसेन यांच्यापुढे एक रुग्ण आला. त्याच्या अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला खोल व्रण झाला होता. निसेन यांनी तो भाग कापून काढला आणि उरलेली अन्ननलिका जठराला जोडली.

इथे एक अडचण असते. जठराच्या बाहेरून एक पातळ, चिवट आवरण असतं. टाका घातला की ते पटकन धरतं. अन्ननलिकेला असं आवरण नसतं, त्यामुळे तिथला जोड सुटायची, गळायची भीती जास्त. बाबांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना लगेच कळलं. काही कापडांची कड अशीच उसवते, मग आपण त्यावर पट्टी घेतो, असं ते म्हणाले.

निसेन यांनीही पट्टीच घेतली. जठराचा वरचा सैल भाग, ज्याला फंडस म्हणतात, तो त्यांनी जोडावरून गुंडाळला. हेतू एवढाच की टाके सुटू नयेत. ॲसिडिटीचा त्यात काही संबंध नव्हता.

पुढे सुमारे 16 वर्षांनी या रुग्णाची पुन्हा माहिती मिळाली. जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली नैसर्गिक झडपच कापून काढली होती, त्यामुळे खरं तर त्याला जळजळीचा भयंकर त्रास असायला हवा होता. तसं काहीच नव्हतं. जठराची ती गुंडाळी झडपेचं काम करत होती.

एखादं ॲप बनवताना एका कामासाठी टाकलेलं फीचर लोक भलत्याच कामासाठी वापरतात आणि तेच हिट होतं, तसं झालं. फरक एवढाच की इथे ते कळायला दीड दशक गेलं.

मधला मोठा वळसा: न्यूयॉर्क आणि आइन्स्टाइन

या मधल्या काळात निसेन यांचं आयुष्य पुन्हा एकदा उलटंपालटं झालं. 1939 साली ते अमेरिकेला गेले. जुन्या फुफ्फुसाच्या दुखण्याने पुन्हा डोकं वर काढलं होतं. बर्लिन आणि इस्तंबूल गाजवलेला हा सर्जन बॉस्टनमध्ये आधी संशोधक म्हणून राहिला. मग न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या रुग्णालयांत त्यांनी पुन्हा पहिल्यापासून नाव कमावलं.

तिथेच डिसेंबर 1948 मध्ये त्यांच्या टेबलावर एक जगप्रसिद्ध रुग्ण आला. अल्बर्ट आइन्स्टाइन. पोटातल्या मुख्य रक्तवाहिनीला मोठा फुगा आला होता. तो फुटला तर काही मिनिटांत खेळ संपतो. आजच्यासारखी कृत्रिम नळी बसवायची सोय तेव्हा नव्हती. निसेन यांनी त्या फुग्याच्या दिसणाऱ्या भागावर सेलोफेन गुंडाळलं. हो, मिठाईच्या बॉक्सवर असतो तसला पारदर्शक कागद. सेलोफेनमुळे आजूबाजूला जाड, तंतुमय थर तयार होतो आणि भिंतीला आधार मिळतो, असा त्यामागचा विचार होता. आइन्स्टाइन त्यानंतर सहा वर्षांहून जास्त जगले. एप्रिल 1955 मध्ये तो फुगा फुटला. तेव्हा त्यांनी पुन्हा ऑपरेशन करून घ्यायला नकार दिला.

लोक निसेन यांना ओळखतात ते बहुतेक या किश्श्यामुळे. पण जगभरातल्या ऑपरेशन थिएटरमध्ये त्यांचं नाव रोज घेतलं जातं ते वेगळ्याच कामासाठी.

1955: मुद्दाम केलेली गुंडाळी

1952 मध्ये निसेन स्वित्झर्लंडला, बाझल विद्यापीठात प्राध्यापक झाले. छातीत सरकलेलं जठर खाली ओढून पोटाच्या भिंतीला शिवून टाकायचं, असाही एक उपाय त्यांनी आधी वापरून पाहिला होता. त्याने समाधान होईना. मग इस्तंबूलचा तो रुग्ण त्यांच्या उपयोगी पडला. 1955 साली त्यांनी पहिल्यांदा फक्त जळजळीवर उपाय म्हणून, काहीही न कापता, फंडस अन्ननलिकेभोवती 360 अंशांत गुंडाळला. 1956 मध्ये एका स्विस वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी त्यावर एक छोटा लेख लिहिला. या ऑपरेशनला आज निसेन फंडोप्लिकेशन म्हणतात.

हे काम कसं करतं? मफलर डोळ्यांसमोर आणा. अन्ननलिका म्हणजे मान आणि जठराचा वरचा भाग म्हणजे मफलर. जेवण झालं की जठरातला दाब वाढतो. एरवी हाच दाब आम्ल वर ढकलतो. पण गुंडाळी जठराचीच असल्यामुळे दाब वाढला की तीही फुगते आणि अन्ननलिकेचं टोक बाहेरून दाबून बंद करते. ना बॅटरी, ना मोटर. जो दाब त्रास देत होता, तोच आता दार लावतो.

सुरुवातीची गुंडाळी लांब आणि घट्ट असायची, त्यामुळे काहींना घास अडकायचा. पुढे ती सैल आणि आखूड झाली. आज साधारण 2 सेंटीमीटर पुरते. अन्ननलिकेची हालचाल कमजोर असेल तर पूर्ण वेढा न घेता 270 अंशांचाच घेतात. त्याला तुपे पद्धत म्हणतात. फ्रेंच सर्जनचं नाव आहे ते, आपल्या खायच्या तुपाशी संबंध नाही!

निसेन 1967 मध्ये निवृत्त झाले आणि 22 जानेवारी 1981 रोजी वारले. तोपर्यंत त्यांचं ऑपरेशन पोट किंवा छाती उघडूनच व्हायचं. उत्तम इलाज असूनही बरेच लोक त्याला घाबरायचे. आमच्या बाबांसारखे.

मग आला कॅमेरा

पोटात दुर्बीण घालून बघण्याची पद्धत तशी जुनी आहे. पण सर्जनला स्वतःचा डोळा दुर्बिणीच्या टोकाला लावून बसावं लागायचं. जे दिसायचं ते एकालाच. मदतनीस काय धरणार आणि कुठे धरणार? 1980 मध्ये जर्मनीच्या कील शहरात कुर्ट झेम या स्त्रीरोगतज्ज्ञाने दुर्बिणीतून अपेंडिक्स काढलं, तेव्हा अनेक सर्जनांनी त्याला वेड्यात काढलं. 1985 मध्ये एरिक म्यूहे यांनी पित्ताशय काढलं, त्यांनाही टीकाच ऐकावी लागली.

खरा बदल झाला तो इमेज सेन्सरमुळे. सीसीडी चिप एवढी लहान झाली की दुर्बिणीच्या टोकाला कॅमेरा बसवता आला. चित्र टीव्हीवर दिसायला लागलं आणि थिएटरमधले सगळे एकाच वेळी एकच गोष्ट बघू लागले. तुमच्या फोनमध्ये आज जो सेन्सर आहे, तो याच घराण्यातला. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढलं आणि हे तंत्र आपल्याकडे आलं. पुढच्याच वर्षी, 1991 मध्ये, बेल्जियमच्या लिएज शहरातून बर्नार्ड दालमान्य यांनी निसेन यांचं ऑपरेशन दुर्बिणीतून केल्याचं प्रसिद्ध केलं. निसेन जाऊन तेव्हा 10 वर्षं झाली होती.

आज हे असं होतं. पोटावर साधारण पाच छोटी छिद्रं, प्रत्येक 5 ते 10 मिलिमीटरचं. आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं फुगवतात, म्हणजे काम करायला जागा मिळते. जठर खाली आणतात, श्वासपटलाचं मोठं झालेलं भोक टाके घालून लहान करतात आणि मग गुंडाळी घालून दोन-तीन टाके. आतलं काम निसेन यांचंच. आत जायचं दार तेवढं बदललं.

ऑपरेशन करावं की नाही?

इथे मी तुम्हाला सरळ सांगतो, कारण नेटवर दोन्ही बाजूंनी अतिशयोक्ती चालते. युरोपातल्या 11 देशांत 554 रुग्णांवर लोटस नावाची चाचणी झाली. अर्ध्यांना रोजची गोळी, अर्ध्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन. 2011 मध्ये तिचे पाच वर्षांचे निकाल आले. गोळीवाल्यांपैकी अंदाजे 92 टक्के आणि ऑपरेशनवाल्यांपैकी 85 टक्के लोकांचा त्रास आटोक्यात होता. म्हणजे गोळी लागू पडत असेल, तर ऑपरेशनची घाई करायचं काही कारण नाही.

पण एक गोष्ट गोळी करू शकत नाही. ती आम्ल कमी करते, झडप दुरुस्त करत नाही. वाकल्यावर, आडवं झाल्यावर जे पाणी घशाशी येतं, ते येतच राहतं. फक्त कमी आंबट असतं. बाबांचा मुख्य त्रास नेमका हाच होता. त्यात छातीत सरकलेलं जठर गोळीने खाली येणार नव्हतं.

तरी डॉक्टरांनी लगेच तारीख दिली नाही. आधी 24 तासांची पीएच तपासणी झाली. नाकातून एक बारीक नळी घालतात, आम्ल किती वेळा वर येतं ते यंत्र नोंदवतं. मग मॅनोमेट्री, म्हणजे अन्ननलिका घास किती जोराने ढकलते याची मोजणी. या दोन तपासण्यांशिवाय कुणी थेट ऑपरेशन सांगत असेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

रिपोर्ट आल्यावर त्या रात्री मी बाबांना निसेन यांची सगळी गोष्ट सांगितली. पट्टीची, 16 वर्षांची, सेलोफेनची. ते बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी एकच विचारलं, व्रण केवढा राहील. मी त्यांच्याच टेबलावरचं शर्टाचं बटण उचलून दाखवलं. असे पाच, म्हटलं.

आता कसं आहे?

ऑपरेशनला दोन तास लागले. तिसऱ्या दिवशी बाबा घरी आले. पहिले काही आठवडे कठीण गेले, हे लपवत नाही. आधी पातळ, मग मऊ भात, खिचडी. घास नीट चावला नाही तर अडकल्यासारखं व्हायचं. ढेकर नीट येत नाही, पोटात वायू धरतो, ही तक्रार अजूनही थोडी आहे. दार घट्ट झालं की आतला वायूही सहज बाहेर पडत नाही. काही वर्षांनी काही जणांना पुन्हा गोळ्या लागतात, हेही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं आहे.

पण बाबा आता पलंगावर आडवे झोपतात. खुर्ची पुन्हा दुकानात गेली. तीन महिन्यांनी त्यांनी पहिल्यांदा मिसळ खाल्ली. कट कमी, पाव दोन. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत बसलो होतो. काही झालं नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी वर्षानुवर्षं मेडिकलमधून ॲसिडिटीची पाकिटं आणत असेल, तर त्यांना एकदा तपासणीला घेऊन जा. गिळताना त्रास होणं, वजन उतरणं, शौचाला काळी होणं किंवा रक्ताची उलटी, यातलं काही असेल तर अजिबात थांबू नका. आणि छातीत दुखतंय ते जळजळीचं की हृदयाचं, हे घरी बसून ठरवू नका.

आणि फाइलवर न कळणारं नाव दिसलं तर फोनवर शोधा. फक्त स्पेलिंग नीट टाका.